मोठेबाबांची सळई अन् नागपूरचे जनरल साहेब

परवा क्लासमध्ये जीकेचा सराव पेपर सोडवून घेत होते. प्रश्न साधा होता, कोर ऑफ इंजिनिअर्समधून लष्करप्रमुख झालेले पहिले अधिकारी कोण. उत्तर जनरल मनोज पांडे, एक मार्क, चला पुढे. तर मागच्या बाकावरचा एक पोट्टा, रोज पहाटे रोडवर सोळाशे मीटर मारून मग क्लासला येणारा, हात वर करून म्हणतो, "मॅडम, इंजिनिअरवाले तं लढत नाई न? मंग ते सगळ्या आर्मीचे चीफ कसे काय झाले?"

पुढच्या बॅचची पोरं दारात उभी होती म्हणून मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत गाडीवर तेच डोक्यात, कारण हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आली आहे, फक्त तेव्हा तो जनरल साहेबांबद्दल नव्हता, आमच्या मोठेबाबांबद्दल होता.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. १९७९ ला भरती झाले, २००३ ला हवालदार म्हणून पेन्शन घेऊन गावी आले. सगळी नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर शाखेतच, सेंटर खडकीचं, ज्याला फौजी लोकं बीईजी म्हणतात. आमचं गाव पुलगाव-आर्वी रोडवरून आत, कपाशी अन् तुरीचं. पुलगावला दारूगोळ्याचा एवढा मोठा डेपो असल्यामुळे फौज आमच्याकडे कोणाला नवीन नाही, २०१६ च्या ३१ मे ला मध्यरात्रीनंतर डेपोत स्फोट झाले तेव्हा तर आमच्या घराची दारं हलली होती. तरी पण गावात फौजी माणूस भेटला की लोकांना दोनच गोष्टी विचारायच्या असतात, बंदूक कोणती होती अन् किती मारले. मोठेबाबा खरं ते सांगायचे, आमी पूल बांधले, रस्ते केले, सुरुंग काढले. मग समोरच्याचा चेहरा पडायचा अन् विषय पावसावर जायचा.

मी सातवीत होते तेव्हा पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. दोघं जण, एक इन्फन्ट्रीतले, म्हणजे पायदळातले काका अन् आमचे मोठेबाबा. काकांना शाल, श्रीफळ, टाळ्या, दोन शब्द बोलायला माईक. मोठेबाबांच्या वेळी माईकवरचा माणूस म्हणाला, हे पण सैन्यात होते, बांधकाम खात्यात. मोठेबाबांनी नारळ घेतला अन् जागेवर येऊन बसले. घरी मोठीआईने विचारलं तर म्हणे, "बरोबर तं बोलला तो, बांधकामच करत होतो मी." पण त्या दिवशी ते धड जेवले नाही हे मला अजून आठवते.

त्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट असंल. पाऊस उघडला होता, अंगण ओलं होतं. मोठेबाबांनी मला हाक मारली. कूलरच्या स्टँडची एक उरलेली लोखंडी सळई होती, तिचं टोक दगडावर घासून घासून त्यांनी अणकुचीदार केलं होतं. म्हणे अंगणात एक जर्मनची ताटली पुरून ठेवली आहे, कुठं ते सांगणार नाही, शोध. मी खणायला निघाली तर थांबवलं. पोटावर झोप म्हणे. फ्रॉक खराब होईल म्हटलं तर होऊ दे म्हणे. मग शेजारी स्वतः पोटावर झोपून दाखवलं, कोपर टेकवून, सळई हातात पेनासारखी धरून. "उभी नाई घालाची. तिरपी. उभी घातली तं वरतून दाब पडते, सुरुंगाले दाबच पाह्यजे. तिरपी घातली तं बाजूले लागते, त्याले समजत नाई." दोन बोटं जागा सोडून एक टोचा, पुन्हा दोन बोटं, पुन्हा टोचा, एक ओळ झाली की कोपरभर पुढं सरकायचं. पहिले पाच मिनिटं मजा वाटली. मग मान दुखायला लागली, पोटाखाली ओल लागायला लागली, मुंग्या चावल्या, अन् मला वाटलं इथं काही नाही, म्हणून मी सळई जोरात खुपसली. टण्णकन आवाज आला.

मोठेबाबा एकदम शांतपणे म्हणाले, "मेली तू. अन् तुह्या मांगून जे चाळीस जण येऊन राह्यले होते ते बी."

मग उठून कपडे झटकले अन् म्हणाले, "हे आमचं बांधकाम खातं."

आता जनरल साहेबांकडे येते, कारण माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाही.

१८ एप्रिल २०२२ ला सरकारने पांडे साहेबांचं नाव जाहीर केलं. संध्याकाळी आम्ही टीव्ही लावून बसलो होतो, कूलर फडफडत होता, खाली पट्टी आली की नागपूरचे मनोज पांडे पुढचे लष्करप्रमुख. घरात सगळे खुश, आपल्या विदर्भाचा माणूस म्हणून. मोठेबाबांनी मात्र वेगळंच विचारलं, "आर्म कोनती?" म्हणजे फौजेतली शाखा कोणती. मी मोबाईलवर पाहिलं अन् वाचून दाखवलं, डिसेंबर १९८२ मध्ये कोर ऑफ इंजिनिअर्स, बॉम्बे सॅपर्समध्ये कमिशन. कूलर बंद करायला लावला त्यांनी. "वाच बरं पुन्हा." मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग ते आत गेले, पलंगाखालची काळी पेटी ओढली, ज्याच्यावर पांढऱ्या पेंटने त्यांचा नंबर लिहिला आहे, अन् टोपीचा बिल्ला काढून मोठीआईला चिंच मागितली घासायला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन स्वतःहून पारावर गेले. पेन्शन आल्यापासून मोठेबाबा पारावर स्वतःहून कधी बसत नव्हते, म्हणून सांगते.

पांडे साहेबांचा जन्म नागपूरचा, ६ मे १९६२. वडील नागपूर विद्यापीठात मानसशास्त्रातले प्राध्यापक, आई आकाशवाणी नागपूरला उद्घोषक. हे वाचून माझ्या बाबांना फार भारी वाटलं कारण आमच्या वावरातल्या झोपडीत वर्षानुवर्षं आकाशवाणी नागपूरच लागलेलं असायचं, म्हणजे चीफ साहेबांच्या आईचा आवाज आपण निंदण करता करता ऐकलाच असंल असं ते अजून सगळ्यांना सांगतात. (त्यांच्या आधीचे चीफ जनरल मनोज नरवणे पुण्याचे, त्यांची पण आई आकाशवाणीवर उद्घोषक होती. नाव पण दोघांचं मनोज. असे योग असतात.) साहेबांच्या मिसेस पण नागपूरच्या, डेंटल कॉलेजच्या गोल्ड मेडलिस्ट, अन् मुलगा एअरफोर्समध्ये अधिकारी.

बारावीनंतर एनडीए, ६१ वा कोर्स. ह्या कोर्सचं एक विशेष आहे जे माझ्या पोरांना मी नेहमी सांगते, २०२२ मध्ये तिन्ही दलांचे प्रमुख ह्या एकाच कोर्सचे होते, आर्मीचे पांडे, नेव्हीचे ॲडमिरल हरी कुमार अन् एअरफोर्सचे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. चौधरी साहेबांचं मूळ गाव हस्तरा, नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यात, म्हणजे आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की त्यांचा मुलूख.

आता त्या पोट्ट्याचा प्रश्न. इंजिनिअरवाले लढत नाही न?

सॅपरचं काम काय असतं हे मोठेबाबांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "पहिले जाचं अन् आखरीले याचं." पल्टन पुढं जाणार असंल तर रस्त्यातले सुरुंग कोण काढणार, तुटलेला पूल कोण जोडणार, रणगाड्याला नदी कोण पार करून देणार. अन् माघार घ्यायची असंल तर सगळे निघून गेल्यावर मागचा पूल उडवायला कोण थांबणार. समोरून गोळ्या सुरूच असतात, फक्त ह्याच्या हातात त्या वेळी बंदूक नसते, सळई असते नाहीतर पाना असतो. मला तर हे जास्त अवघड वाटते.

बॉम्बे सॅपर्सचेच सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिये गावचे, साध्या जवानाचे अधिकारी झालेले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरावरून राजौरीकडे जायचं होतं, रस्ताभर सुरुंग अन् आडवी पाडलेली झाडं, डोंगरावरून मशिनगनचा मारा. मांडीला जखम झाली होती तरी त्यांनी काम सोडलं नाही. रणगाड्याखाली सरपटत, आतल्या ड्रायव्हरला दोरीने खुणा करत करत रणगाडा पुढं नेला, म्हणजे चिलखताची आड पण झाली अन् वाट पण झाली. तीन-चार दिवस हे चालू होतं. राजौरी हाती आली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं, ते पण जिवंतपणी. आता सांगा, हे लढणं नाही तर काय आहे?

अन् दुसरे प्रेमिंद्र सिंग भगत. ते पण बॉम्बे सॅपर्सचे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये सुदान-इथिओपियाच्या सीमेवर त्यांनी चार दिवस न थांबता पंधरा सुरुंगक्षेत्रं मोकळी केली, ५५ मैल रस्ता. गाडी दोनदा खालून उडाली, कानाचे पडदे गेले, तरी उतरले नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या युद्धात तो मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी. पुढं लेफ्टनंट जनरल झाले. १९७४ मध्ये पुढचे लष्करप्रमुख तेच होणार असं सगळे धरून चालले होते, पण तेव्हाचे चीफ जनरल बेवूर यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, तेवढ्यात भगत साहेबांचं रिटायरमेंट आलं अन् ते राहूनच गेलं. १९७५ मध्ये ते वारले. (बेवूर साहेबांचा जन्म सिवनीचा, तेव्हा मध्य प्रांत, म्हणजे राजधानी नागपूरच. आमच्या भागाचा धागा इथं पण आहे.)

मोठेबाबा भरती झाले तेव्हा भगत साहेबांना जाऊन चार वर्षं झाली होती, पण खडकीला उस्ताद लोकं त्यांचं नाव घेतले की आवाज बदलायचा असं ते सांगतात. सॅपर माणूस व्हीसी आणू शकते, परमवीर आणू शकते, पण चीफची खुर्ची इन्फन्ट्री, रणगाडे नाहीतर तोफखान्याची, हे जणू ठरल्यासारखंच होतं. त्यामुळे २०२२ ची ती एक ओळ त्यांना तीनदा का ऐकावी वाटली हे मला नंतर समजलं.

तर मग साहेब तिथपर्यंत गेले कसे. फौजेत ब्रिगेडियर होताना काही निवडक अधिकाऱ्यांना जनरल कॅडरमध्ये घेतात, मग तो मूळचा कुठल्या शाखेचा हे बाजूला पडते अन् त्याला इन्फन्ट्रीची ब्रिगेड पण देता येते, डिव्हिजन पण. पांडे साहेबांनी इंजिनिअर ब्रिगेड सांभाळली, मग एलओसीवर इन्फन्ट्री ब्रिगेड, मग लडाखच्या पश्चिमेकडची ८ माउंटन डिव्हिजन, कारगिल-द्रासचा तो सगळा भाग, मग तेजपूरची ४ कोर. मध्ये इंग्लंडला कॅम्बर्लीचा स्टाफ कोर्स. अन् इथिओपिया-इरिट्रियाच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत चीफ इंजिनिअर. भगत साहेबांनी जिथं सुरुंग काढले त्याच मुलखात साठेक वर्षांनी दुसरा बॉम्बे सॅपर. मला हे वाचताना खरंच अंगावर काटा आला, मोठेबाबांना सांगितलं तर ते नुसते मान हलवत बसले.

जून २०२० ते मे २०२१ अंदमान-निकोबार कमांड, जिथं आर्मी, नेव्ही, एअरफोर्स सगळे एकाच कमांडरच्या हाताखाली असतात. मग कोलकात्याला पूर्व कमांड, फेब्रुवारी २०२२ पासून उपप्रमुख, अन् ३० एप्रिल २०२२ ला २९ वे लष्करप्रमुख.

पण माझ्यासाठी सगळ्यात जवळचं पान ऑपरेशन पराक्रमचं आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला अन् सगळी फौज सीमेवर गेली, दहा महिने. त्या वेळी पांडे साहेब ११७ इंजिनिअर रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर, जम्मूकडच्या पल्लनवाला सेक्टरमध्ये. अन् मोठेबाबा राजस्थानच्या बाजूला, दुसऱ्या रेजिमेंटमध्ये. दोघांची कधी भेट नाही, मोठेबाबांनी साहेबांना आजपर्यंत टीव्हीवरच पाहिलं आहे. पण काम तेच. तेव्हा पूर्ण सीमेवर मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले अन् लढाई काही झाली नाही, मग ते सगळे परत काढायचे. पेरलेल्या सुरुंगाचा नकाशा असते, पण राजस्थानात वाळू सरकते अन् सुरुंग पण सरकते. लढाई न होता त्या दहा महिन्यांत अन् नंतर काढताना खूप जवान गेले, किती तरी जणांचे पाय गेले. मोठेबाबांच्या सोबतचा एक मराठवाड्यातला पोरगा होता, त्याचं नाव ते घेत नाही. इतकंच सांगतात की सकाळी लंगरवर त्याने दोन पुऱ्या जास्त घेतल्या होते, अन् मोठेबाबांनी त्याला त्यावरून टोकलं होतं. अजून मोठेबाबा पुरी खात नाही. सणाला मोठीआई त्यांच्यासाठी वेगळ्या पोळ्या करते.

त्या काळात घरी पत्र यायची, मजेत आहे, काम हलकं आहे.

पेन्शन आल्यावर मोठेबाबांनी गावात जे केलं ते पण सांगते. आमच्या वावराकडं जाणारी पांदण म्हणजे पावसाळ्यात काळी माती, बैल गुडघ्यापर्यंत रुतायचा, बाया डोक्यावर डबा घेऊन नाला कमरेएवढ्या पाण्यातून पार करायच्या. मोठेबाबांनी तीन दिवस नुसतं नाल्याच्या काठावर बसून पाणी पाहिलं, कुठून वळते, कुठं काठ खाते. मग वर्गणी करून सिमेंटचे पाईप आणले अन् रपटा टाकला. त्यांनी पाईप गावकऱ्यांनी सांगितलेल्या जागेपासून वीस-पंचवीस पावलं वर टाकायला लावले, त्यावरून भांडणं पण झाली. तो रपटा अजून आहे. त्याच्या खाली दोनदा दुसरे झाले अन् दोन्ही वाहून गेले.

पांडे साहेबांच्या काळातला सगळ्यात मोठा विषय आमच्या गावासाठी अग्निपथ, फौजेतल्या भरतीची नवी योजना. १४ जून २०२२ ला जाहीर झाली, चार वर्षं नोकरी अन् शंभरातले पंचवीस पुढं कायम. कोरोनात दोन वर्षं भरती बंद होती, पोरं पळून पळून थांबली होती, वय निघून चाललं होतं, त्या वर्षापुरती मर्यादा २३ केली म्हणून काही जणांना संधी तरी मिळाली. मी सरळ सांगते, मला ही योजना मनातून पटली नाही. साहेबांनी चीफ म्हणून ती राबवली, ते त्यांचं कर्तव्य होतं, त्यांचा मान माझ्या मनात त्यामुळे कमी होत नाही. पण सुरुंग काढणारा हात चार वर्षांत तयार होते का, हा प्रश्न मोठेबाबा विचारतात अन् त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. माझ्या क्लासची दोन पोरं अग्निवीर झाली आहे, फोन करतात, आनंदात असतात, त्यांच्यासाठी मी रोज देवापुढं हात जोडते.

साहेब ३१ मे २०२४ ला रिटायर व्हायचे होते, बासष्ट पूर्ण झाले होते. पण लोकसभेची निवडणूक सुरू होती अन् सरकारने त्यांना एक महिन्याची मुदतवाढ दिली. चीफला अशी मुदतवाढ बेवूर साहेबांच्या नंतर पहिल्यांदाच. म्हणजे १९७४ मध्ये ज्या मुदतवाढीने एका बॉम्बे सॅपरची खुर्ची गेली, पन्नास वर्षांनी तीच दुसऱ्या बॉम्बे सॅपरला मिळाली. ३० जून २०२४ ला त्यांनी जनरल उपेंद्र द्विवेदींना चार्ज दिला. मोठेबाबांनी त्या दिवशी टीव्ही लावला, साहेब शेवटचा सॅल्यूट घेत होते, हे पण खाटेवरून उठून उभे राहिले, बनियनवरच, अन् सावधान.

काल रविवार होता. त्या पोट्ट्याला मी घरी बोलावलं. मोठेबाबांना आता दिसायला कमी झालं आहे पण हात तसाच आहे. अंगणात सकाळीच काहीतरी पुरून ठेवलं होतं त्यांनी, मला पण सांगितलं नाही कुठं. पोट्टा नवीन ट्रॅकपँट घालून आला होता. मोठेबाबांनी सळई त्याच्या हातात दिली, तीच, आता मुठीपाशी कापड गुंडाळलेली.

"झोप पोटावर."

तो झोपला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मान वर करून त्याने माझ्याकडं पाहिलं, मी नजर फिरवली. मोठेबाबा त्याच्या शेजारी खुर्चीवर वाकून बसले होते, डोळे मिटून, सळईचा आवाज ऐकत.

"तिरपी धर. हां. हळू न बापा, घाई कायची हाये तुले."